आठवडाभर दारात: ‘पू’च्या एका प्रकरणाचा चित्रपट

परिस्थिती एवढीच आहे. एक अस्वल मित्राच्या बिळात जातं, पोटभर मध खातं आणि निघताना बिळाच्या तोंडाशीच अडकतं. पुढे सरकता येत नाही, मागेही येता येत नाही. ते बारीक होईपर्यंत आठवडाभर वाट पाहायची असं ठरतं. सगळे वाट पाहतात. मग त्याला ओढून काढतात आणि गोष्ट संपते.

ए. ए. मिल्न यांच्या ‘विनी-द-पू’ या पुस्तकातलं हे दुसरं प्रकरण. मराठीत प्रकरण म्हणजे पुस्तकाचा भाग आणि प्रकरण म्हणजे नीट तपासायला घेतलेली घटनाही. इथे मला दोन्ही अर्थ हवे आहेत. १९२६ साली लंडनमध्ये छापलेली ही काही पानं १९६६ साली कॅलिफोर्नियात डिस्नेच्या स्टुडिओत पडद्यावर आली आणि १९७१ साली मॉस्कोत पुन्हा एकदा, अगदी वेगळ्या हातांनी. लहान मुलांच्या शांत पुस्तकाचा शांत चित्रपट कसा होतो, होताना काय सुटतं आणि काय नव्याने हाती लागतं, हे समजून घ्यायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही. कारण इथे दुष्ट कोणी नाही, पाठलाग नाही, जिवावरचं संकट नाही. आहे तो फक्त एक आठवडा, ज्यात काही घडत नाही. पुस्तक तो आठवडा एका वाक्यात पार करू शकतं. चित्रपटाला तो दाखवावा लागतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मिल्न यांचा मुलगा क्रिस्टोफर रॉबिन याचा जन्म १९२० सालचा. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला लंडनच्या हॅरॉड्स दुकानातून एक टेडी आणला गेला. पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या विनी नावाच्या काळ्या अस्वलावरून त्याला नाव मिळालं. ही विनी कॅनडाहून आलेली. हॅरी कोलबर्न नावाच्या लष्करी पशुवैद्याने १९१४ साली ऑन्टारिओतल्या व्हाइट रिव्हर स्टेशनवर २० डॉलरला ते पिल्लू विकत घेतलं होतं, आणि फ्रान्सच्या आघाडीवर जाण्याआधी लंडनमध्ये ठेवायला दिलं. गोष्टींमधलं जंगल म्हणजे इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातलं अ‍ॅशडाउन फॉरेस्ट. मिल्न कुटुंबाने १९२५ साली त्याच्या कडेला घर घेतलं होतं. चित्रं ई. एच. शेपर्ड यांची. गंमत अशी की शेपर्डनी पू काढताना समोर ठेवलं ते क्रिस्टोफरचं अस्वल नव्हतं, त्यांच्या स्वतःच्या मुलाचं होतं.

आता मूळ पानांकडे वळू.

पू बिळापाशी येऊन आत कोणी आहे का म्हणून विचारतो. आतून खुडबुड ऐकू येते, मग शांतता, आणि मग उत्तर येतं की कोणीही नाही. पू विचार करतो: ‘कोणी नाही’ असं म्हणायला तरी कोणीतरी आत असलंच पाहिजे. ससा शेवटी त्याला आत घेतो आणि विचारतो, पावाबरोबर मध देऊ की आटवलेलं दूध? पू एवढा हरखलेला असतो की दोन्ही म्हणून बसतो, आणि मग आपण हावरट वाटू नये म्हणून सांगतो, पावाची तसदी घेऊ नकोस. मुलांना हे वाचून दाखवताना मी दरवेळी इथे क्षणभर थांबतो. पावावर पाणी सोडण्यातली त्याची सभ्यता त्यांना बरोबर कळते, आणि ती सभ्यता किती तोकडी आहे हेही.

मग तो अडकतो. ससा मागच्या दाराने बाहेर येतो, वळसा घालून पूच्या तोंडासमोर उभा राहतो. पू म्हणतो, दारं पुरेशी मोठी नसली की असं होतं. ससा म्हणतो, जास्त खाल्लं की असं होतं. क्रिस्टोफर रॉबिनला बोलावणं जातं. तो येतो, पाहतो, आणि ज्या स्वरात ‘वेड्या अस्वला’ म्हणतो त्या स्वराने सगळ्यांच्या जिवात जीव येतो. मागे ढकलून आत घ्यायचं का? ससा म्हणतो, आत घेतलं की तो आतच राहिला. म्हणजे बारीक होण्याला पर्याय नाही. किती दिवस? सुमारे आठवडा. आणि जेवण? जेवण नाही, म्हणजे लवकर बारीक होता येईल. पण आम्ही तुला वाचून दाखवू.

या पुस्तकातली माझ्या सगळ्यात आवडीची जागा इथे आहे. पूला सुस्कारा टाकायचा असतो, पण तो इतका घट्ट बसलेला असतो की सुस्काराही टाकता येत नाही. डोळ्यातून एक थेंब ओघळतो. आणि तो विनंती करतो, की दाटीवाटीत रुतलेल्या अस्वलाला धीर येईल, बळ येईल असं एखादं पुस्तक वाचाल का? मग आठवडाभर क्रिस्टोफर रॉबिन पूच्या उत्तर टोकापाशी बसून तसलं पुस्तक वाचतो आणि ससा दक्षिण टोकावर धुणं वाळत घालतो. मागचे पाय नुसतेच लोंबताहेत तर टॉवेल टाकायला काय हरकत आहे, असं त्याने आधीच विचारून घेतलेलं असतं.

गोष्टीचा मध्यबिंदू हा आहे. ओढून काढणं नंतर येतं, तेही झकास आहे: क्रिस्टोफर रॉबिनने पूचे पंजे धरायचे, सशाने क्रिस्टोफर रॉबिनला, आणि सशाच्या झाडून सगळ्या सग्यासोयऱ्यांनी सशाला. बाटलीचं बूच निघावं तसा आवाज होतो, सगळे एकमेकांवर कोसळतात. पण मनात राहतं ते वाचन. संकटात सापडलेल्याला बाहेर काढता येत नसेल तर त्याच्याशेजारी बसून वाचायचं, हे मिल्ननी कुठेही न शिकवता दाखवलं आहे.

डिस्नेने चित्रपटाचे हक्क १९६१ साली घेतले. सुरुवातीला पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा विचार होता, पण वॉल्ट डिस्ने यांनी आधी छोटे चित्रपट करायचं ठरवलं. अमेरिकेतल्या घराघरात पू इंग्लंडइतका रुळलेला नव्हता. आधी ओळख होऊ दे, असा तो हिशेब. मला हा निर्णय मोलाचा वाटतो. दीड तासाच्या साच्यात घालायचं ठरलं असतं तर कोणीतरी नक्की एक लांडगा आणून उभा केला असता. सुमारे २५ मिनिटांत एक अस्वल आणि एक दार पुरतं.

पहिला छोटा चित्रपट १९६६ सालचा, दिग्दर्शन वुल्फगँग राइदरमन यांचं. त्यात मधमाश्यांचं पहिलं प्रकरण आणि अडकण्याचं दुसरं प्रकरण एकत्र गुंफलं आहे. वॉल्ट डिस्ने त्याच वर्षी १५ डिसेंबरला गेले, त्यामुळे पूच्या छोट्या चित्रपटांपैकी पूर्ण झालेला त्यांनी पाहिला तो एवढाच.

अडकलेलं पात्र ही अ‍ॅनिमेशन करणाऱ्यासाठी काय अडचण असते, हे थोडं सांगायला हवं. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं काढावी लागतात. चित्र हलेनासं झालं की डोळ्याला ते मेल्यासारखं वाटू लागतं. प्रत्यक्ष नट नुसता बसला तरी श्वास घेतो, पापणी लवते. रेखाटलेलं अस्वल नुसतं बसलं तर कागद होतं. आणि इथे तर नायकाचं धड भिंतीत चिणलेलं. चालणं, वळणं, पडणं, म्हणजे अ‍ॅनिमेशनच्या हातातली सगळी हमखास हत्यारं काढून घेतलेली. उरतात काय तर एका बाजूला डोकं नि दोन हात, दुसऱ्या बाजूला बूड नि दोन पाय.

डिस्नेच्या माणसांनी या अडचणीलाच हाताशी धरलं. मिल्नची उत्तर आणि दक्षिण टोकं म्हणजे त्यांना दोन रंगमंच मिळाले. बाहेरच्या रंगमंचावर येणारे-जाणारे: घुबड, कांगारू कांगा, तिचं पिल्लू रू, गाढव ईयोर. आतल्या रंगमंचावर एकटा ससा, आणि त्याच्या नीटनेटक्या घराच्या भिंतीतून आलेलं ते प्रचंड बूड. पुस्तकातला ससा टॉवेल वाळत घालतो. चित्रपटातला ससा आधी वैतागतो, मग ठरवतो की हे रोज पाहायचंच असेल तर निदान बरं दिसावं. तो त्याला चौकट लावतो, फांद्यांची शिंगं बसवतो, त्यावर तोंड रेखाटतो, आणि शिकाऱ्याच्या दिवाणखान्यात टांगतात तसं सांबराचं मुंडकं तयार करतो. मागे सरून, मान तिरकी करून पाहतो. तेवढ्यात बाहेर रू पूला फुलं देतो, पूला त्या फुलांच्या नावातला मध तेवढा ऐकू येतो, नाकाशी फुलं गेल्यावर शिंक येते, आणि आत सशाची सगळी कलाकुसर खाली येते.

या एका शिंकेत किती काम आहे पाहा. दोन्ही रंगमंच जोडले गेले. पूचा हावरटपणा, रूचं प्रेम, सशाचा टापटिपीचा सोस, तिन्ही एका झटक्यात दिसले. कोणालाही इजा झाली नाही, कोणी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. शांत चित्रपटातला विनोद असा हवा: प्रत्येक जण आपापल्या स्वभावानुसार नीट वागतो आणि त्यातूनच गोंधळ होतो. मिल्नच्या पानांत ही शिंक नाही, पण मिल्नला ती परकी वाटली नसती असं मला वाटतं.

गोफरबद्दल माझं मत एवढं उदार नाही. जमीन पोखरणारा हा अमेरिकी प्राणी स्टुडिओने नव्याने आणला. सशाच्या दारातून अस्वल काढायच्या कामाचा तो अंदाज सांगतो, सुरुंगाची भाषा करतो, आणि आपण पुस्तकात नाही हे स्वतःच जाहीर करतो. इंग्रजीत ते वाक्य दुहेरी आहे, टेलिफोनच्या पुस्तकातही त्याचं नाव नाही असाही अर्थ निघतो. कबुली प्रामाणिक आहे आणि मुलं हसतात, पण त्याच्या शिट्टीसारख्या बोलण्याने जंगलाची लय मोडते. त्यात याच चित्रपटातून पूचा जिवलग मित्र, डुकराचं छोटं पिल्लू पिगलेट, याला वगळलेलं. पिगलेटशिवाय पू हे ब्रिटिश प्रेक्षकांना सहन होणं शक्य नव्हतं. क्रिस्टोफर रॉबिनच्या तोंडी अमेरिकी उच्चार होते यावरूनही तिकडे नाराजी उठली. १९६८ सालच्या दुसऱ्या छोट्या चित्रपटात पिगलेट आला. त्याच चित्रपटाला वॉल्ट डिस्ने यांच्या पश्चात ऑस्कर मिळालं.

पण माझ्या लेखी त्याहून मोठा प्रश्न वाचनाचा आहे. पडद्यावरच्या आठवड्याचा भर सजावटीवर, गोफरच्या रात्रपाळीच्या कामावर आणि सशाने लावलेल्या, अस्वलाला खायला घालू नका अशा पाटीवर आहे. शेजारी बसून धीराचं पुस्तक वाचण्याला मूळ पानांत जे वजन आहे, ते त्या प्रसंगात नाही. बरीच वर्षं मी हे या चित्रपटाचं अपयश मानत होतो. शेपर्डचं चित्र आणि तो प्रसंग पाठोपाठ पाहिला की कमतरता जाणवायचीच.

नंतर लक्षात आलं की वाचन गेलेलं नाही. ते प्रसंगातून उचलून अख्ख्या चित्रपटाला गुंडाळलं आहे.

चित्रपट सुरू होतो तो खऱ्या, छायाचित्रित खोलीत. मुलाच्या खोलीतली खेळणी, मग पुस्तक, पुस्तकाचं पान, आणि पानावरचं चित्र हलू लागतं. सेबॅस्टियन कॅबट यांचा भारदस्त, घरातल्या वडीलधाऱ्यासारखा आवाज वाचत असतो. पात्रांना तो ऐकू येतो. पू त्याच्याशी बोलतो. छापील ओळी पानावर तशाच दिसत राहतात. पुढच्या चित्रपटांत ही कल्पना आणखी वाढली: वादळात अक्षरं उडून जातात, पुराच्या पाण्यात वाहून जातात. १९७४ सालच्या तिसऱ्या चित्रपटात टिगर हा वाघ झाडाच्या शेंड्यावर अडकतो तेव्हा निवेदक पुस्तकच आडवं करतो आणि टिगर छापील ओळींवरून घसरत सुखरूप खाली येतो. अडकलेल्याची सुटका पुस्तक करतं! मिल्नच्या दुसऱ्या प्रकरणातली कल्पना इथे अक्षरशः खरी झालेली आहे. दाटीत रुतलेल्या अस्वलाला जे पुस्तक हवं होतं, तेच आता प्रेक्षकातल्या मुलाला कोणीतरी वाचून दाखवतं आहे.

चित्रांची रेघही याच बाजूने काम करते. १९६१ सालच्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या चित्रपटापासून डिस्नेने पूर्ण लांबीच्या चित्रपटांत झेरॉक्सचं तंत्र वापरायला सुरुवात केली होती. त्याआधी अ‍ॅनिमेटरचं पेन्सिलीचं चित्र शाईने सेलवर, म्हणजे पारदर्शक पातळ पत्र्यावर, हाताने गिरवलं जाई, आणि ती रेघ गुळगुळीत होई. झेरॉक्सने पेन्सिलीची मूळ रेघच सेलवर उतरू लागली, तिच्या खरखरीतपणासकट. परीकथांच्या चित्रपटांत ही रेघ काहींना खटकली. पूच्या बाबतीत मात्र ती देणगी ठरली, कारण शेपर्डची चित्रंही कलमाच्या बारीक, तुटक, उभ्या-आडव्या रेघांची. पडद्यावरचं झाड पुस्तकातल्या झाडासारखं दिसतं, ते बऱ्याच अंशी या रेघेमुळे. पूचा लाल सदरा मात्र शेपर्डचा नाही. अमेरिकेत पूच्या वस्तूंचे हक्क घेणाऱ्या स्टीफन स्लेसिंजर यांच्याकडे १९३२ सालीच तो लाल सदरा आला होता. डिस्नेने तो पुढे चालवला.

मॉस्कोची हकीकत इथे आणतो, कारण तुलनेशिवाय वाचन अख्ख्या चित्रपटाला गुंडाळण्याचा निर्णय नीट जोखता येत नाही. फ्योदोर खित्रुक यांनी सोयुझमुल्तफिल्म या स्टुडिओत १९६९, १९७१ आणि १९७२ साली पूचे तीन छोटे चित्रपट केले. बोरिस झाखोदेर यांचं रशियन भाषांतर १९६० सालीच लोकप्रिय झालं होतं. १९७१ सालचा चित्रपट म्हणजे आपलंच दुसरं प्रकरण, जेमतेम दहा मिनिटांत. पू तपकिरी, डोळ्यांभोवती गडद ठिपके, पंजे धडाला नीट जोडलेलेही नाहीत. मागची दृश्यं लहान मुलाने रंगीत खडूंनी काढल्यासारखी. येवगेनी लिओनोव यांचा आवाज ध्वनिमुद्रणानंतर वेगवान करून वापरला. आणि सगळ्यात मोठा बदल: क्रिस्टोफर रॉबिन नाहीच. माणूसच नाही.

क्रिस्टोफर रॉबिन नाही म्हणजे शेजारी बसून वाचणारं कोणी नाही. मग खित्रुकनी वजन कुठे ठेवलं? जेवणाच्या टेबलावर. इथे पूबरोबर पिगलेटही पाहुणा म्हणून जातो. पू गाण्यातून सांगतो की सकाळी सकाळी पाहुणा म्हणून जाणाराच शहाणा. ससा चष्म्यातला, सुशिक्षित, रीतीभातीचा. घाई आहे का असं विचारल्यावर पिगलेट म्हणतो की शुक्रवारपर्यंत मी अगदी मोकळा आहे. ससा मर्यादा सोडू शकत नाही, पू निघू शकत नाही, आणि भांड्यामागून भांडं रिकामं होत जातं. दाटी बिळाच्या तोंडाशी होण्याआधी टेबलापाशीच झालेली असते. मोठ्या माणसांना हा चित्रपट जास्त हसवतो. उत्तम चित्रपट आहे, मला त्यातलं कुठलंच चित्र बदलायचं नाही. पण तो पाहुणचाराबद्दलचा चित्रपट झाला. डिस्नेच्या चित्रपटात गोफर आहे, सांबराचं मुंडकं आहे, तरी तो वाट पाहण्याबद्दलचा राहिला.

हे मी शेवटच्या प्रसंगावरून म्हणतो. मिल्नकडे पू सुटतो, मित्रांना मान लववून आभार मानतो आणि स्वतःशीच गुणगुणत जंगलात निघून जातो. क्रिस्टोफर रॉबिन मायेने त्याच्याकडे बघत राहतो. चित्रपटात सगळे बाहेरून ओढतात, ससा आतून धावत येऊन धडक देतो, आणि पू तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. पहिल्यांदा पाहताना मी धास्तावलो होतो: आठवडाभराच्या शांततेवर हे एवढं मोठं उड्डाण? हाच तो क्षण असतो जिथे शांत चित्रपटाचा धीर सुटतो आणि शेवट दणक्यात करायचा मोह होतो.

पण पू उडून जातो कुठे, तर मधमाश्यांच्या झाडाच्या ढोलीत. डोकं आत, पाय बाहेर. पुन्हा अडकला. म्हणजे पहिल्या प्रकरणातलं झाड आणि दुसऱ्या प्रकरणातली दाटी एका चित्रात येऊन बसली, आणि सगळा गोंगाट एका क्षणात विरला. खालून क्रिस्टोफर रॉबिन सांगतो, घाबरू नकोस, तुला बाहेर काढतो. ढोलीत चारी बाजूंना मध. आतून पूचा, म्हणजे स्टर्लिंग हॉलोवे यांचा तो मऊ, किंचित घोगरा आवाज येतो: घाई नाही, सावकाश काढा.